पॉइंट टू टू आणि दुसरं पान

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, महानदीपलीकडच्या एका गावात, माझ्या मामांच्या शेताच्या बांधाला चितळाची मादी मेलेली आढळली. तिच्या पोटातून शिशाची एक बारीक गोळी निघाली. पॉइंट टू टू रायफलीची. एनसीसीच्या शिबिरात मुलांना निशाणा शिकवतात तीच ही हलकी रायफल. त्या गावात ज्यांची शेतं होती, त्यांत तिचा परवाना एकाच माणसाकडे होता, मामांकडे. शनिवारी संध्याकाळी मामांच्या शेतातून एक बार झाल्याचं गावातल्या चौघांनी ऐकलं होतं.

बुधवारी वनविभागाच्या लोकांनी रायफल जप्त केली, मामांचा जबाब घेतला आणि आठ दिवसांनी पुन्हा हजर राहण्याची नोटीस दिली. दोन दिवसांनी मामीचा नागपूरला फोन आला.

"तुह्या मामानं तेथं जबाबात एकच ओळ लिहून देल्ली. तू ये अन् वाचून पाहय. तुले कळते लिहिलेलं."

मी वकील नाही, शिकारीही नाही. तीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या, एवढीच माझी पात्रता.

सोमवार, तात्यापारा

रायपूर राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत होतं, आणि सरकारी पाट्यांवर नव्या रंगाखालून 'मध्यप्रदेश' ही अक्षरं अजून दिसत होती. स्टेशनवरून सायकलरिक्षानं तात्यापाऱ्यात पोचलो. मामा-मामी एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. मामांचं वय चौऱ्याहत्तर. नोकरी रेल्वेत, रुळांच्या तपासणीची. गुडघे तिथंच गेले. मामी पन्नास वर्षांपूर्वी वर्धेकडून लग्न होऊन आली.

"आधी खाऊन घे," मामी म्हणाली. "बोलणं कुठं पळून नाही चाललं."

ताटात फरा होता. भात आणि तांदळाचं पीठ मळून केलेल्या बोटभर वळ्या, वाफवून तीळ-मिरचीची फोडणी दिलेल्या, सोबत टमाटरची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला पोळी लागते. या घरात पोळी-भाकरी कधीच मागं पडली. शेजारच्या वाटीत तिवऱ्याचा, म्हणजे लाखोळीचा, पाला होता. इथं 'भाजी' म्हणजे फक्त पालेभाजी, बाकी सगळं साग. मामी हे दोन्ही शब्द इथल्यासारखेच वापरते. सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, मात्र नागपूरचीच करते.

जेवण झाल्यावर मामांनी फाइल काढली. जबाबाच्या कागदावर हिंदीत प्रश्न होता: 'क्या इस रायफल से हिरण मर सकता है?' त्याखाली मामांच्या वळणदार अक्षरात उत्तर: 'जी हाँ।' खाली सही, तारीख, आणखी काही नाही.

"मामा, हे काय लिहून दिलंत?"

"त्यानं विचारलं ते."

"तुम्ही मारलं नाही, हे का नाही लिहिलं?"

"ते त्यानं विचारलंच नाही."

"अन् शनिवारचा बार?"

"डुकरं येऊन राहिले होते वावरात. आभाळात एक फायर केला. तेही त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं त सांगतलं असतं."

मामी ताटं उचलता उचलता म्हणाली, "असेच आहेत. लग्नाच्या वेळी माझ्या बापानं विचारलं, पोरगा नोकरीवर आहे काय? हे म्हणे, हव. कुठं अन् काय, ते लग्न झाल्यावर समजलं."

मामांच्या या सवयीमागं कारण आहे. रेल्वेत अपघात झाला की चौकशी बसते. प्रश्न लिहून येतात, उत्तरं लिहून द्यायची. नोकरीच्या सुरुवातीच्या एका चौकशीत मामांनी कोणी न विचारलेलं एक वाक्य जास्त लिहिलं. ते खरं होतं. त्या वाक्यावरून एका गँगमनची नोकरी गेली. त्यानंतरच्या प्रत्येक चौकशीत मामांनी विचारलं तेवढंच लिहिलं, आणि शेवटच्या 'आणखी काही सांगायचं आहे?' या प्रश्नासमोर 'नहीं' लिहिलं. तीस वर्षं त्यांचं कोणतंही उत्तर खोटं ठरलं नाही.

"बरं, मी विचारतो," मी म्हणालो आणि वही काढली. "या रायफलीनं चितळ मरतं?"

"मरते."

"कसं?"

मामा खुर्चीत सरळ झाले. त्यांचे वडील परमिटच्या काळात शिकार करत. तेव्हा जंगलाचे ब्लॉक असत आणि कोणतं जनावर, किती, ते परमिटवर लिहिलेलं असे.

"हे पाहय," मामांनी करंगळीचं नख दाखवलं. "एवढीशी गोळी. आत जाते, पण जोर नसते. मोठ्या रायफलीनं जनावर जागेवर पडते. इच्यानं नाही पडत. वरून भोक दिसत नाही, रक्त गळत नाही, मागोवा घेता येत नाही. जनावर पळून जाते. पोटात लागली असन त चार दिवस, सहा दिवस फिरते, अन् कुठंतरी पाण्यापाशी जाऊन मरते. सडून मरते. परमिटच्या टायमाले कोणी टू टू घेऊन चितळामागं गेला, त माझा बाप त्याले गाडीतून खाली उतरवे. म्हणे, हे ससा-तित्तिरासाठी. चितळासाठी हे पाप."

"आणि आता?"

"आता ना लहान, ना मोठी. कायदा झाला तेव्हापासून चितळ मारणं बंद म्हणजे बंद. मी बहात्तरनंतर जनावरावर बंदूक धरली नाही."

मी लिहिलं ते पुन्हा वाचलं. आमच्या धंद्यात अपघाताच्या बातमीत पहिली चूक इथंच होते: घटना कधी घडली आणि उघडकीला कधी आली, या दोन वेळा एकच धरल्या जातात.

"मामा, ती मादी रविवारी मेलेली सापडली. मग तिला गोळी कधी लागली?"

मामा बोटांवर दिवस मोजायला लागले.

"त्याच्या आदल्या आठवड्यात तुमची रायफल कुठं होती?"

"ठाण्यात," मामा म्हणाले.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. मामांनी इतरांसारखी रायफल जमा केली. निकालानंतर बाकीच्यांनी आपापली हत्यारं नेली. मामांचे गुडघे थंडीत धरले, जिना उतरणं राहून गेलं. ते ठाण्यात गेले ते त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी. शनिवारी रायफल घेऊन शेतावर गेले.

"जमा केल्याची पावती?"

"रायफल परत देताना त्याईनं घेऊन घेतली."

मामी दारात उभी होती. "पाह्यलं? हेही कोणी विचारलं नाही."

मंगळवार, ठाणे

सकाळी दहाला ठाण्यात गेलो. जमा झालेली हत्यारं ठेवतात त्या मालखान्याचा मुन्शी पन्नाशीचा, कानटोपी घातलेला. मामांना पाहून तो उठला.

"आव बबा, बइठव."

काम सांगितलं. मुन्शी म्हणाला, रजिस्टर दाखवायला साहेबांचा हुकूम लागतो आणि साहेब एक वाजता येतात. आम्ही बाकावर बसलो. त्यानं दोनदा चहा दिला. दुसऱ्या चहाच्या वेळी आपणहून म्हणाला, "बबा, बंदूक वापस ले जाने के लिए सब दौड़ते हैं. आपको मैंने दो बार ख़बर भिजवाई. सबसे आख़िर में आप आए."

साहेब सव्वा वाजता आले. अर्ज वाचला, मान हलवली. रजिस्टरच्या पानावर शेवटची नोंद मामांची होती. जमा केल्याची तारीख, परत दिल्याची तारीख, रायफलीचा नंबर, मामांची सही. मुन्शीनं नक्कल स्वतःच्या हातानं लिहिली, कारण झेरॉक्सचं दुकान वीज नसल्यानं बंद होतं. नंबर दोनदा तपासून पाहिला. साहेबांनी शिक्का मारला.

"अब घर जाके आराम करो," मुन्शी मामांना म्हणाला. "और अगली बार भी आख़िर में ही आना."

दोन दिवस माझी मान आखडलेली होती. गाडीत खिडकीला टेकून झोपल्याचा परिणाम. ठाण्यातल्या बाकानं उरलंसुरलं केलं. घरी आल्यावर मामीनं औषधाचा डबा काढला, सहाणेवर पाणी घेतलं आणि काहीतरी उगाळायला लागली. तो लेप मानेवर लागला तेव्हा वासानं ओळखलं. आमच्याही घरी आजी हेच लावायची.

"मामी, हे सांबरशिंग आहे ना?"

"हव. माझ्या आईचं. सूज उतरते दोन दिवसांत."

मी मामांकडे पाहिलं. मामा डब्याकडे पाहत होते. ज्या घरावर चितळ मारल्याचा संशय होता, त्या घरात सांबराच्या शिंगाचा अडीच इंची तुकडा होता, आणि त्याचा लेप माझ्या मानेवर वाळत होता. झडलेलं शिंग असलं तरी ते घरात ठेवायला कागद लागतो. मराठी घरांतल्या औषधाच्या डब्यांत असे किती तुकडे असतील, कोणाला ठाऊक. त्यांचे कागद मी कधी पाहिले नाहीत.

"ते फेकून दे," मामा म्हणाले.

"काहून? चोरीचं आहे काय? साठ वर्षं झाले त्याले. माझ्या बाळंतपणात लावलं, तुमच्या गुडघ्याले लावलं. तवा नाही आठवला कायदा?"

"तवा कोणी घरात पाहाले येऊन नाही राहिलं होतं."

"आताही कोणी नाही विचारलं," मामी म्हणाली आणि डबा फडताळात ठेवून दिला.

मान दुसऱ्या दिवशी बरी झाली, हेही नोंदवायला हवं.

बुधवार, महानदीपलीकडे

मादीचं शवविच्छेदन तालुक्याच्या पशुरुग्णालयात झालं होतं. मामांना घरी ठेवून मी बसनं गेलो. महानदीला पाणी कमी होतं. वाळूच्या मोठ्या पट्ट्यांतून बारीक धारा चालल्या होत्या. पुढं धानाची कापलेली शेतं, मग सालाची झाडं. विदर्भातला साग या बाजूला विरळ होत जातो. सालाचं पान हिवाळ्यातही हिरवं असतं, म्हणून जानेवारीतलं हे जंगल आपल्या जंगलासारखं उघडं दिसत नाही.

डॉक्टर पस्तिशीच्या आतल्या, अमरावतीच्या. नोकरीला दीड वर्ष झालेलं. एका बैलाच्या खुरातला खिळा काढून हात धूत होत्या. माझं मराठी ऐकून म्हणाल्या, "दीड वर्षात दवाखान्यात मराठी बोलणारे तुम्ही पहिले. बैलही हिंदीच समजतात."

मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितलं. मी कागद मागितला नाही. एकच प्रश्न विचारला: जखम किती जुनी होती?

त्यांनी आधी हात पुसले. बाहेर ओसरीत खुर्च्या टाकल्या, डबा उघडला, अर्धी पोळी आणि चण्याचा पाला माझ्यापुढं केला.

"गोळी फासळ्यांच्या मागं, आतड्यात होती. बाहेरचं भोक केसांत दिसतही नव्हतं, मला दाढीच्या पात्यानं केस काढून शोधावं लागलं. आत पू झाला होता, आतडी चिकटली होती. जनावर बरेच दिवस खात नव्हतं, पोट रिकामं होतं. एका रात्रीत हे होत नाही. पाच दिवस तरी हवेत, जास्तही असतील."

"हे अहवालात आहे?"

"दुसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावर 'मृत्यूचं कारण' असा रकाना असतो, त्यात 'गोली लगने से' एवढंच मावतं. रेंजर साहेबांकडे पंधरा गावं आहेत. पहिलं पान वाचलं असेल."

"नक्कल मिळेल?"

"माझ्याकडून नाही. पण मी त्यांना फोन करून सांगते, उद्या दुसरं पान उघडा." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तिला फार त्रास झाला असेल हो. ज्यानं कोणी मारलं त्याला मांसही मिळालं नाही."

बस येईपर्यंत त्यांनी मला बसू दिलं. त्या वेळात एक शेळी आणि दोन कोंबड्या तपासल्या. फोन त्यांनी माझ्यासमोरच केला.

गुरुवार, रेंज ऑफिस

मामांनी इस्त्रीचा सदरा घातला. जिना उतरायला सात मिनिटं लागली. जीपगाडीची सोय कापडदुकानाच्या मालकानं केली आणि ड्रायव्हरला सांगितलं, खड्डे सावकाश घे.

रेंजर चाळिशीचे. टेबलावर फाइल उघडी होती, दुसऱ्या पानावर. मी ठाण्याची नक्कल पुढं ठेवली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून तारखांवर बोट फिरवलं. मग पेन्सिलनं कोऱ्या कागदावर आकडे मांडले: मादी सापडली तो दिवस, त्यातून पाच वजा. त्या दिवशी रायफल ठाण्याच्या कुलपात होती.

"मुळे जी," ते म्हणाले, "ये आपने उस दिन क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा नहीं."

"मैंने पूछा था कि इससे हिरण मर सकता है क्या."

"मर सकता है."

रेंजरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बबा, छोटी से मारो या बड़ी से, जुर्म तो जुर्म है. बन्दूक के साइज़ से क़ानून नहीं बदलता. वो सवाल मैंने इसलिए पूछा कि फ़ॉर्म में जगह थी. आपने दो शब्द में ख़ुद को अंदर करवा लिया था."

पुरवणी जबाब घ्यायचं ठरलं. रेंजर म्हणाले, सगळं सलग लिहा. मामा म्हणाले, सलग नाही जमणार, प्रश्न विचारा. मग मी प्रश्न तयार केले, रेंजरांनी ते विचारले आणि मामांनी उत्तरं लिहिली. रायफल कुठून कुठपर्यंत ठाण्यात होती. परत कधी मिळाली. शनिवारी किती बार केले, कोणत्या दिशेनं, कशासाठी. या रायफलीची गोळी पोटात लागलेलं जनावर किती दिवस जगतं. शेवटच्या उत्तराला मामांनी पाऊण पान घेतलं. आयुष्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब लेखी उत्तर असावं. रेंजरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ही गोष्ट नव्या गार्डांना शिकवायला हवी. त्यांना वाटतं, जनावर जिथं पडलं तिथंच मारलं गेलं.

कागदाच्या तळाशी छापील प्रश्न होता: 'और कुछ कहना है?'

मामांनी पेन टेकवलं. 'न' लिहिलाही असेल; मला दिसलं नाही. मग पेन ठेवलं, सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. शिंगाचा तुकडा एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला होता.

"ये क्या है?"

"साँभर का सींग. घर की दवा है, पत्नी के मायके से. काग़ज़ नहीं है."

"इसके बारे में किसी ने पूछा था?"

"नहीं."

रेंजरांनी तुकडा उचलला, उलटसुलट केला, नाकाशी नेला. दारातल्या शिपायाला बाहेर पाठवलं.

"आपको मालूम है, इस पर मैं अलग केस बना सकता हूँ?"

"जी हाँ," मामा म्हणाले.

रेंजरांनी तुकडा मामांच्या जबाबाच्या कागदावर ठेवला.

"मेरी नानी भी यही घिसती थी," रेंजर म्हणाले. त्यांनी कोरा कागद ओढला आणि स्वतः पंचनामा लिहिला: सांबराच्या शिंगाचा तुकडा एक, लांबी अडीच इंच, जुना, घरगुती औषधासाठी वापरलेला, धारकानं स्वेच्छेनं जमा केला. खाली माझी सही साक्षीदार म्हणून घेतली. मग मामांना उठायला हात दिला आणि जीपपर्यंत सोडायला आले.

या चार दिवसांत मुन्शी, डॉक्टर आणि रेंजर, तिघांनीही नेमून दिलेल्या कामापेक्षा थोडं जास्त केलं. ते केलं नसतं तर त्यांना कोणी जाब विचारला नसता. मामांना मात्र पुढची काही वर्षं कोर्टाचा जिना चढावा लागला असता.

घरी पोचल्यावर मामांनी सदराही काढला नाही. मामीनं काही विचारायच्या आत सांगून टाकलं.

"शिंग मी देऊन आलो."

मामी धिरड्यासारख्या चील्यासाठी तांदळाचं पीठ कालवत होती. "कोणी मागतलं?"

"नाही."

"मग?"

"मीच देल्लं."

मामीनं हात तसेच पिठात ठेवले. "अन् आता तुमचे गुडघे दुखले त मी काय उगाळू? तुमचं डोस्कं?"

मामा हसले. मामी हसली नाही. पण त्या दिवशी चीला केला तेव्हा पहिला, कडक कडांचा, मामांच्या ताटात पडला.

शुक्रवार

निघताना मामीनं ठेठरी-खुरमीचा डबा दिला. ठेठरी बेसनाची, खारी, खुरमी गुळाची. दोन्ही एकाच डब्यात, म्हणजे वाटेत खारं-गोड एक झालं. नागपूरला डेस्कवर डबा उघडला तेव्हा कोणी त्याबद्दल तक्रार केली नाही.

एप्रिलमध्ये मामांना वनविभागाचं पत्र आलं. त्यांचं नाव संशयितांतून वगळलं होतं आणि रायफल परत नेण्यास हरकत नसल्याचं कळवलं होतं. मामांनी रायफल नेली नाही. परवाना रद्द करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात दिला. अर्जातल्या 'कारण' या रकान्यात त्यांनी दोन ओळी लिहिल्या: 'सूअर भगाने के लिए डिब्बा बजाना काफ़ी है। इसकी गोली से जानवर पाँच दिन में मरता है।' सांबरशिंगाच्या पंचनाम्याची नक्कल मामीनं औषधाच्या डब्यात ठेवली आहे.

मादीला गोळी कोणी घातली, ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही.